पहिला रविवार : मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा महिना

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना दोन गोष्टींवर भर दिला जातो. एक, धर्मांतर, दुसरी, मिशनऱ्यांच्या शाळा, छापखाने आणि दवाखाने. बाप्तिस्म्याचा दिवस, त्यावरून उठलेले वादळ, सुटलेले घर यांची वर्णने आपल्याला भरपूर सापडतात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ घ्या किंवा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. वाचकाच्या मनात घर करून राहते ती ताटातूट. परंतु बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे तो माणूस ख्रिस्ती म्हणून कसा जगला, कोणाच्या शेजारी बसला, कोणाबरोबर जेवला, कोणाशी भांडला आणि कोणी ते भांडण मिटवले, या प्रश्नांकडे आपण फारसे वळलेलो नाही. या लेखात मला त्या उरलेल्या आयुष्याकडे पाहायचे आहे. आणि त्यासाठी मी ‘महिना’ हे माप निवडले आहे.

रविवारची उपासना सर्वांना दिसते. पण पन्नास-साठ माणसांच्या लहान मंडळीला एकत्र धरून ठेवणारी कामे बहुतेक महिन्याच्या फेऱ्यात बसवलेली असतात. प्रभुभोजन, त्याआधीची तयारीची सभा, सभासदांची बैठक, वर्गणी, स्त्रियांची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी. ख्रिस्ती मराठीत या सगळ्याला मिळून ‘सहभागिता’ असा शब्द आहे.

‘मंडळी’ हा शब्दही मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मराठी बायबलात चर्चसाठी तोच शब्द रूढ झाला. एरवी आपण ‘घरातली मंडळी’ म्हणतो, ‘मंडळी जेवायला बसली’ म्हणतो. म्हणजे ज्या शब्दात घर आहे आणि पंगत आहे, तोच शब्द या नव्या समूहाला मिळाला. आणि एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात पंगत हा साधा मामला नव्हता. माणसाची जात कोणती, हे तो कोणाच्या पंगतीला बसतो यावरून ठरत असे.

महिना आला कोठून?

प्रभुभोजन किती वेळा घ्यावे, हा प्रॉटेस्टंट पंथांत जुना वाद आहे. जिनिव्हात कॅल्व्हिनला ते दर रविवारी हवे होते. 1537 साली त्याने नगरपरिषदेपुढे निदान महिन्यातून एकदा तरी व्हावे अशी तडजोड मांडली. परिषदेने वर्षातून चार वेळांचाच शिरस्ता ठेवला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतही प्रभुभोजन क्वचित, पण मोठ्या तयारीने होई. इंग्लंड-अमेरिकेतील काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मात्र महिन्याचा किंवा दीड-दोन महिन्यांचा फेरा पसंत केला.

महिन्याचा दुसरा धागा प्रार्थनेचा आहे. 1784 साली इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर भागातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र प्रार्थना करण्याचे ठरवले. त्याच मंडळ्यांच्या वर्तुळातून विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालमध्ये आला. 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1811 साली मराठी नवा करार छापणारा कॅरी तो हाच. पहिल्या सोमवारची ही प्रथा पुढे अटलांटिकपार गेली आणि अमेरिकन मिशनच्या अंगवळणी पडली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 12 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईस उतरले ते ही सवय बरोबर घेऊनच. बॉस्टनमधले लोक आणि मुंबईतले चार लोक एकाच दिवशी एकाच हेतूने गुडघे टेकतात, ही कल्पना दूरदेशी एकट्या पडलेल्या माणसांना किती धीर देत असेल, हे आपण समजू शकतो.

येथल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मात्र ‘महिन्याचा पहिला रविवार’ ही कालगणनाच नवी होती. त्यांचा जुना काळ तिथींचा : एकादशी, पौर्णिमा, अमावास्या, गावची जत्रा. गावकामगारांचा मोबदला सुगीला, बलुत्याच्या धान्यात मिळे. इंग्रजी महिना आला तो शाळेबरोबर, कचेरीबरोबर आणि पगाराबरोबर. मिशनच्या शाळेतला मास्तर, उपदेशक, छापखान्यातला जुळारी हे महिन्याच्या पगारावर जगणारे लोक होते. म्हणून पहिल्या रविवारी मला दोन काळांची गाठ पडलेली दिसते. भक्तीचा वार आणि पगाराचा आठवडा एकमेकांना लागून आले. वर्गणी त्याच रविवारी गोळा होऊ लागली यात नवल नाही.

नगरची मंडळी

अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1831 च्या अखेरीस सुरू झाले आणि 1833 साली तेथे पहिली मंडळी स्थापन झाली. संख्या अगदी थोडी. पुढे आसपासच्या खेड्यांतून, मुख्यतः महार समाजातून, लोक येऊ लागले. सुरुवातीला खेड्यातला सभासदही नगरच्या मंडळीतच मोडे. प्रभुभोजनासाठी त्याने शहराची वाट चालायची.

1854-55 मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःच वाढावे, असे त्यांचे मत होते. याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढे खेड्यापाड्यांत स्वतंत्र मंडळ्या उभ्या राहू लागल्या. नेवासे तालुक्यातील वडाळ्यासारखी गावे मराठी ख्रिस्ती इतिहासात आली ती अशा मार्गाने.

येथे थोडे थांबले पाहिजे. हे दोन्ही पाळक जन्माने ब्राह्मण. त्यांच्यासमोर बसणारे बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे. काँग्रिगेशनल पद्धतीत बिशप नसतो. सभासद कोणाला करावे, कोणाला काही काळ दूर ठेवावे, डीकन कोणाला निवडावे, हे सभासदांच्या बैठकीत ठरते. ज्यांना गावच्या चावडीत वर बसता येत नव्हते, ते येथे हात वर करून मत देत होते. मिशनरी आणि पाळक यांचे वजन अर्थातच मोठे होते, आणि मिशनच्या पगारावर असलेला सभासद कितपत मोकळेपणाने बोलत असेल याची शंका घेता येते. तरीही मतदान हा शब्द महाराष्ट्राच्या गावजीवनात रुळण्याच्या कितीतरी आधी या लहान खोल्यांत त्याचा सराव चालू होता.

तयारीची सभा

प्रभुभोजनाच्या आधी, बहुधा आदल्या एक-दोन दिवसांत, तयारीची सभा होत असे. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय हा तिचा आधार. त्या मंडळीत प्रभुभोजनाला जमल्यावर श्रीमंत आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची कानउघाडणी केली आणि प्रत्येकाने आधी स्वतःची पारख करावी असे बजावले. त्याला जोड डोंगरावरील प्रवचनातल्या शिकवणीची : भावाशी आधी समेट कर, मग वेदीपाशी ये.

पन्नास माणसांच्या मंडळीत ही शिकवण हवेत राहत नाही. दोन घरांत बांधावरून वाद असेल, सोयरिकीवरून अबोला असेल, उसने पैसे परत आले नसतील, तर ते सर्वांना ठाऊक असते. पहिला रविवार जवळ आला की पाळकाला, वडीलधाऱ्याला मध्ये पडावेच लागते. एखादा भाकर न घेता मागे बसून राहिला, तर त्याच्या न घेण्याचाही अर्थ सर्व जण लावतात. भांडण महिन्याहून जुने होऊ द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था होती. ती नेहमी यशस्वी झाली असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे दोन बाकांवर दोन तोंडे करून बसलेली घराणी प्रत्येक मंडळीत आहेत. पण भांडण मिटवण्याची तारीख आधीच ठरलेली असणे, हे ज्या समाजाला नवी नातीगोती उभी करायची होती त्याच्या फार उपयोगी पडले. जुनी भावकी तुटलेली होती आणि जातपंचायत पाठीशी नव्हती. त्या दोन्हींचे काम मंडळीला करावे लागत होते.

या शिस्तीला कठोर बाजूही होती. दारू, बालविवाह, जत्रेतल्या विधीत भाग घेणे यांसाठी सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवले जाई. महार ख्रिस्ती माणसाची यात विशेष कुचंबणा होई. गावकीची जी कामे त्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली होती, त्यांतली काही गावदेवाशी जोडलेली होती. ती सोडावीत तर बलुते जाते. करावीत तर मंडळी विचारते. महिन्याच्या बैठकीत हा प्रश्न धर्माचा म्हणून मांडला जाई. घरी तो चुलीचा असे.

एक पेला

सर्वांत मोठी कसोटी पेल्याची होती. भाकर मोडून हातावर देता येते. पेला ओठांना लागतो. ज्या समाजात विहिरीचे पाणीसुद्धा वेगळे, तेथे एकाच पेल्यातला द्राक्षरस ब्राह्मण पाळकाने, महार शेतमजुराने आणि अमेरिकन बाईने ओळीने प्यावा, याहून मोठे सामाजिक कृत्य त्या काळात शोधून सापडणार नाही. ते दर फेऱ्याला, कसलाही गाजावाजा न होता घडत होते. लक्ष्मीबाईंनी नगरला आल्यावरही काही काळ आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक कसा जपला आणि ते हळूहळू कसे गळून पडले, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या खास मिस्कील प्रामाणिकपणे सांगितले आहे. जातीचा विचार बुद्धीने सोडणे सोपे असते; घशाने सोडणे अवघड. त्या एका पेल्याला दर वेळी हा घसाच जिंकावा लागे.

1890 च्या दशकात अमेरिकेत रोगजंतूंच्या भीतीने प्रत्येकाला स्वतंत्र लहान पेला देण्याची पद्धत सुरू झाली. ती आज आपल्याकडेही अनेक मंडळ्यांत आहे. आरोग्याच्या दृष्टीने तिच्यात खोट काढता येत नाही. परंतु अमेरिकेत एक पेला सोडताना फक्त एक जुनी चाल सुटली. मराठी मुलुखात तो सोडताना काय हातचे जाऊ शकते, याचा विचार कोणी केला होता का, असे विचारावेसे वाटते. कारण पेल्यावर जिंकलेली जात सोयरिकीत अनेकदा परत आली. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजावर टीका केली ती नेमकी या जागी बोट ठेवून : धर्म बदलला तरी जातीची सवय बदलली नाही.

दरबार आणि रजिस्टर

मंडळीच्या या चौकटीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जीव पुढे घुसमटला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी मंडळीच्या तोंडी मराठी भजन आणि अभंग दिले. ‘उपासना संगीत’ आजही त्यांच्या पदांशिवाय अपुरे वाटेल. परंतु मिशनचा पगार, सभासदत्वाच्या नोंदी आणि परदेशी वळण यांच्यापलीकडे त्यांना जायचे होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार फुलण्याआधीच मिटला.

टिळकांचा प्रश्न मात्र मिटला नाही. सभासदांच्या रजिस्टरात नाव असलेलाच मंडळीचा का? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने या प्रश्नाला वेगळीच धार आली. अनुसूचित जातींच्या सवलती सुरुवातीला हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे रजिस्टरात नाव लिहिण्याला किंमत आहे, आणि ती मुलांच्या शिक्षणात आणि नोकरीत मोजावी लागते. परिणामी मागच्या बाकावर वर्षानुवर्षे बसणारा, आजाऱ्याला भेटायला जाणारा, वर्गणी देणारा, पण भाकर-पेला पुढे आला की हात आवरता घेणारा माणूस लहान मंडळ्यांत आढळतो. त्याला पाहुणा म्हणावे की घरचा? टिळक असते तर त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला नसता.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि नगरची काँग्रिगेशनल परंपरा त्यात मिसळली. आता बिशप आहेत, पाळकांच्या बदल्या होतात, मिळकतींचे वाद कोर्टात जातात. तरुण पुण्या-मुंबईस निघून गेले आहेत. खेड्यातल्या मंडळीत पहिल्या रविवारी वीस-पंचवीस डोकी जमतात. सुगीच्या दिवसांत कोणी धान्य, कोणी अंडी अर्पण म्हणून आणतो. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि दहा रुपयांची वस्तू कोणी हौसेने पन्नासला घेतो. स्त्रियांची सभा घरोघरी फिरते. ज्या घरी दुखणे असेल तेथे ती आधी जाते.

एवढ्याशा व्यवहाराला इतिहास म्हणावे का, असे कोणी विचारील. मला वाटते, म्हणावे. महाराष्ट्रात जात मोडण्याचे जाहीरनामे पुष्कळ निघाले, सहभोजनेही झाली, आणि त्यांची वृत्ते छापून आली. बहुतेक सहभोजने एका दिवसाची होती. या मंडळ्यांनी दर महिन्याला पुन्हा त्याच पंगतीला बसण्याचा नेम धरला. कधी मनापासून, कधी चरफडत, कधी निव्वळ सवयीने. त्यांना जे साधले ते या पुन्हा बसण्यातून साधले, आणि जे राहिले ते उपासना संपून सोयरिकीची बोलणी सुरू झाल्यावर राहिले. पुढच्या संशोधकाने त्या दोन्हींचा हिशेब मंडळ्यांच्या कपाटांतल्या रजिस्टरांवरून मांडावा. ती रजिस्टरे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी हे काम व्हायला हवे.