काचेतील श्वास

हाताने घडविलेल्या काचेचा संग्रह करण्याचे वेड माणसाला का लागते? इतिहासाला विचारू या. १२९१ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आगीच्या भयाने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. पुढे कारागिरांना राज्य सोडण्यास बंदी झाली. विद्या राज्याची ठेव ठरली आणि विद्यावंत तिचा बंदिवान! तरीही १६६५ साली फ्रान्सने काही आरसेवाले फितवून नेलेच. १९व्या शतकात साच्यात काच दाबणारी यंत्रे आली आणि पेले स्वस्त झाले. म्हणूनच आपण संग्राहक जुना पेला उलटा करून पाहतो. तळाशी सळई तोडल्याचा व्रण दिसला, की मन हरखते. कोणा अनामिकाने फुंकणीतून घातलेला श्वास या काचेत गोठला आहे. जिवापाड जपतो आपण, ते त्या श्वासालाच.