पेटीच्या पोटांतला इतिहास

ओझरला १९६४ सालीं मिग विमानांचा कारखाना निघाला. तेथें तपासल्याखेरीज एकही भाग विमानांत बसवीत नाहींत. आपल्या संगणकाला वीज पुरविणारी पेटी मात्र आपण वॅटचा आंकडा वाचून घेतों!

१९७७ सालीं ॲपल-दोन या संगणकासाठीं रॉड होल्ट यांनीं जड रोहित्राऐवजीं हलकी स्विचिंग पेटी रचली. पुढें स्वस्ताईची चढाओढ लागली. गाळणीच्या कॉइलच्या जागीं नुसती तार आली. १०५ अंशांच्या कपॅसिटरऐवजीं ८५ अंशांचा आला. दहा अंश उष्णता वाढली कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें. २००० नंतरच्या कांहीं वर्षांत सदोष द्रावाचे कपॅसिटर जगभर फुगून फुटले.

पेटी जाणत्याकडूनच उघडवावी. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब राहूं शकतो.