मिठाचं ओझं

परवा वरंधा घाटाने महाडला उतरताना चहाला थांबलो आणि एक जुनाच प्रश्न पुन्हा डोक्यात आला. भोर-वेल्ह्याच्या मावळात मीठ पिकत नाही. मग पूर्वी ते इथे काय भावाने पडत असेल?

मीठ मुळात स्वस्त हो, महाग असतो तो घाट! सावित्रीतून गलबतं महाडपर्यंत यायची, तोवर खर्च थोडा. पुढे बैलांच्या पाठीवर गोणी. भोरकडे वरंधा, वेल्ह्याकडे मढे आणि उपांड्या. बैल रिकामा उतरवणं म्हणजे तोटाच. म्हणून जाताना धान्य, हिरडा, येताना मीठ. दोन्ही फेऱ्यांना माल मिळाला की भाडं जवळजवळ अर्ध्यावर येतं. आजच्या ट्रकवाल्यालाही हेच गणित पाठ असतं.

शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाबद्दलच पत्र लिहिलं. पोर्तुगीजांच्या बारदेशचं मीठ स्वस्त, संगमेश्वरचं महाग. व्यापारी तिकडे वळले तर आपली बंदरं बसतील. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात लावा. या पत्राचं कौतुक सगळेच करतात, मीही करतो. पण स्वस्त मीठ अडवलं की भुर्दंड कुणाला? घाटावरच्या खाणाऱ्यालाच ना! तरी मला निर्णय बरोबर वाटतो. बंदर एकदा बसलं की पुढे बारदेशवाला सांगेल तो भाव.

फक्त हे घाटमाथ्यावरच्या एखाद्या म्हातारीला तेव्हा कुणी समजावलं असेल का, कोण जाणे...