दौलताबाद ते वेरूळ : 15 किलोमीटर पायी जायचं तर काय बघायचं आणि काय सांभाळायचं?

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरातून बाहेर पडलात, तर दौलताबादच्या रस्त्यावर माणसांच्या रांगा दिसतील. कुणाच्या पायात चप्पल नसते, कुणी मोबाईलवर भजनं लावलेली असतात. हे सगळे चाललेले असतात खुलताबादच्या भद्रा मारुतीला. शहरापासून अंतर साधारण 25 किलोमीटर, आणि शनिवारी पहाटे दर्शन. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर एवढी गर्दी होते की पोलिस या रस्त्यावरची वाहतूकच दुसरीकडे वळवतात.

वर्षातल्या त्या ठरावीक रात्री सोडल्या, तर हा रस्ता फक्त गाड्यांचा असतो. पर्यटक किल्ला, दर्गे, मारुती आणि लेणी एकाच दिवसात गाडीने उरकतात. पण ही सगळी ठिकाणं एकाच वाटेवर आहेत आणि एकमेकांशी जोडलेली आहेत. ते कळायला चालावं लागतं.

वाट नेमकी कशी आहे?

दौलताबाद ते खुलताबाद सुमारे 10 किलोमीटर, तिथून वेरूळ आणखी चार-पाच. आधी घाट चढायचा, वरच्या पठारावरून चालायचं आणि शेवटी उतरायचं. मध्ये न थांबता चाललात तर चार तास पुरतात. पण न थांबणं शक्य नाही, त्यामुळे दिवस मोकळा ठेवा. शहरातून दौलताबादपर्यंत एसटीने यायचं आणि वेरूळहून एसटीनेच परतायचं, हे सगळ्यात सोयीचं.

किल्ला त्याच दिवशी चढू नका. वर जाऊन खाली यायलाच दोन-अडीच तास जातात आणि पायांचा जीव तिथेच संपतो. यादवांची ही देवगिरी, नंतरचं दौलताबाद, वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

दिल्लीहून आलेली माणसं

1327 च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने दिल्लीतल्या लोकांना दौलताबादला हलवलं, हे शाळेत शिकवलं जातं. ती माणसं पुढे गेली कुठे, हे शिकवत नाहीत. त्यांच्या खुणा याच वाटेवर आहेत. घाट चढून गेल्यावर कागझीपुरा लागतं. इथे हाताने कागद बनवण्याची जुनी परंपरा आहे आणि ती तुघलकाच्या काळापासूनची असल्याचं गावात सांगतात. जुन्या चिंध्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवायचा, चाळणीने एकेक ताव उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, अशी ही पद्धत. गाडीतून जाणाऱ्याला हे गाव म्हणजे फक्त एक पाटी असते.

पुढे खुलताबाद. याचं जुनं नाव रौझा. तुघलकाच्या त्याच काळात दिल्लीहून आलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा इथे आहे. त्यांच्या समोरच्या दर्ग्यात त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी, आणि त्याच आवारात 1707 मध्ये मरण पावलेल्या औरंगजेबाची साधी, उघडी कबर. मार्च 2025 मध्ये या कबरीवरून राज्यभर वाद पेटला, तेव्हापासून गावाचं नाव निघालं की लोकांना तेवढंच आठवतं. बंदोबस्त असू शकतो, ओळखपत्र जवळ ठेवा.

पण याच गावात मलिक अंबरही आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला आणि खडकी वसवणारा. खडकी म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये तो वारला. ज्याने शहर वसवलं त्याची कबर शहरापासून 25 किलोमीटरवर आहे, आणि तिथे मुद्दाम जाणारे फार थोडे. खुलताबादला एकच जादा थांबा घ्यायचा असेल, तर तो इथे घ्या.

भद्रा मारुतीची मूर्ती निजलेल्या स्थितीतली आहे, अशा मूर्ती फार कमी ठिकाणी आहेत. आणि खुलताबादजवळच्याच सुलीभंजनच्या डोंगरावर संत एकनाथांनी तप केलं, असं मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. म्हणजे गुरूचा किल्ला आणि शिष्याचा डोंगर एका दिवसाच्या चालीत. सुलीभंजनला जायचं तर वाट थोडी वाकडी करावी लागते.

उतरल्यावर

वेरूळला एकूण 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी निघू नका. थकलेल्या पायांनी फक्त 16 नंबरचं कैलास बघितलं तरी चालेल. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ते वरून खाली कोरत आणलं. शेजारीच घृष्णेश्वर. आजचं मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं. मालोजीराजे भोसले यांची गढीही याच गावात.

मग अडचण काय?

अडचण रस्त्याची आहे. पायी चालणाऱ्यासाठी इथे सलग वेगळी पट्टी नाही. दौलताबादला रस्ता जुन्या तटातल्या दरवाजातून जातो. तिथे गाड्याच अडकतात, मग माणसाने कुठून जायचं? घाटातल्या वळणांवर समोरचं दिसत नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांचं रुंदीकरण 2021 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट धरली होती. इथेही श्रावणात आणि हनुमान जयंतीला गर्दी होते, पण ती एकेका रात्रीची असते, आणि रात्र सरली की रस्ता पुन्हा गाड्यांचा.

तोवर स्वतःची काळजी स्वतःच घ्यायची. रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. मारुतीला रात्री निघालात तर पांढरे किंवा चमकणारे कपडे घाला, सोबत टॉर्च घ्या आणि कानातले हेडफोन काढा. घाटात तिघं-चौघं शेजारी-शेजारी चालू नका. पाणी दौलताबादलाच भरून घ्या.

एप्रिल-मे टाळा, डोक्यावर सावली नसते. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो आणि वेरूळला लेण्यांजवळचा धबधबा वाहतो, पण घाटात पाय जपून टाका. सगळ्यात चांगला काळ दसरा-दिवाळीचा. तेव्हा दौलताबादच्या घाटात रस्त्याकडेला सीताफळाच्या टोपल्या मांडलेल्या असतात. मात्र सीताफळं घाट चढून झाल्यावर खा, चढताना पिशवीचं वजन होतं.