उसाचा फड आणि तमाशाचा फड



आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांत ‘फड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उसाचा आणि दुसरा तमाशाचा. माझे आयुष्य पहिल्या फडात गेले. साखर कामगार आणि ऊसतोडणीची माणसे यांच्या संघटनेचे काम करता करता पन्नाशी उलटली. शाळा फारशी झाली नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा गाण्यावर बोलण्याचा तुझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर मी एवढेच म्हणेन, की या दुसऱ्या फडावाचून पहिल्या फडातली माणसे मला कळली नसती.

हल्ली तरुण मंडळी मला त्यांच्या नाचाच्या गाण्यांचे अल्बम ऐकवतात. चार गाणी प्रेमाची, एखादे हुंड्याविरुद्ध, एखादे दारूबंदीचे. ‘काका, हा नवा प्रयोग आहे,’ असे सांगतात. मी त्यांचा उत्साह मोडत नाही. पण हा प्रयोग जगातही नवा नाही आणि आपल्याकडे तर नाहीच नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याची ‘एक्झोडस’ ही तबकडी १९७७ साली निघाली. आदल्या डिसेंबरात किंग्स्टनला त्याच्या घरात शिरून मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यातून वाचून तो लंडनला आला होता. तबकडीच्या एका बाजूस अन्यायाची आणि देशांतराची गाणी, दुसऱ्या बाजूस बहुतेक प्रेमाची आणि नाचाची. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९९ साली तिला शतकातला सर्वोत्तम अल्बम ठरविले. मला त्यात एकच गोष्ट खटकते. प्रेम एका बाजूला आणि अन्याय दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तबकडीची होते. माणसाची ती होते काय?

आता आपल्या गावाकडे येऊ. ज्या बारामतीत मोरोपंतांनी आर्या रचल्या, त्या आर्या गावोगाव नेल्या कोणी? सोलापूरच्या राम जोशांनी. हा मनुष्य तमाशात उभा राहून शृंगाराच्या लावण्या म्हणे आणि पुढे कीर्तनात पंतांच्या आर्या रंगवी. तोंड एकच, ऐकणारेही पुष्कळसे तेच. पंडितांनी मागाहून ‘आधीचा राम जोशी वाया गेलेला आणि नंतरचा सुधारलेला’ असे दोन तुकडे केले. मला ते पटत नाही. लावणीत कसलेला गळा नसता, तर त्या संस्कृतप्रचुर आर्या बाजारच्या माणसाच्या कानात शिरल्या असत्या का?

सत्यशोधक जलसे आले, त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला शृंगार काढून टाकला. यावर नाके मुरडणारे रसिक मी पाहिले आहेत. त्यांना माझे सांगणे असे, की ज्यांच्या लेकीबाळींना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांपुढे नाचावे लागले, त्यांनी तो नाच बंद करावा यात अरसिकता कसली? पण त्यामुळे एक प्रश्न शिल्लक राहिला. गरिबाने प्रेमाचे गाणे म्हणायचेच नाही काय?

त्याला उत्तर दिले अण्णा भाऊ साठे यांनी. वाटेगावचा हा माणूस लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईला गेला आणि गिरणीत राबला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संप आणि तुरुंग, असा त्यांचा शाळेचा दाखला. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातून गणपती उतरविला आणि तेथे मातृभूमीला, कष्टकऱ्याला वंदन आणले. परंतु त्यांनी शृंगार उतरविला नाही, तो दुसऱ्या घरी नेला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड आपण ऐकली असेल. लावणीत ज्या थाटाने रूप वर्णन करतात, तोच थाट. पण ही रूपवती कोणा सरदाराच्या बैठकीतली नाही. पोटासाठी मुंबईला निघालेल्या गरिबाची ती लग्नाची बायको आहे. तिला तो दागिन्यांची बोली करतो. कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ, सारे सांगून होते. तरी तिचे मन प्रसन्न होत नाही. मग मुंबईची वर्णने येतात, तिथली बेकारांची गर्दी येते, आणि शेवटी कवी म्हणतो की मैनेची आणि माझी जी ताटातूट, तीच महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव अशी दूर राहिलेल्या मुलखाची नावे तो घेतो. १ मे १९६० रोजी राज्य झाले, तरी ही पाचही नावे बाहेरच राहिली.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख गेले. तेही आपल्या इंदापूरजवळ, मोटारीच्या अपघातात. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. माझ्या पिढीने ही गाणी कॅसेटवर ऐकली.

आता माझी एक चूक सांगतो. पंचवीस-एक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या तळावर तोडणी कामगारांची सभा ठेवली होती. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. मुकादमाकडून उचल जोडीने घ्यायची, मोळ्या जोडीने बांधायच्या, आणि म्हातारी माणसे व शाळेतली पोरे गावी ठेवून सहा-सहा महिने कोपीत राहायचे. त्यांच्यासाठी आमच्या पोरांनी ‘मैना’ बसविली होती. मी म्हटले, वेळ थोडा आहे, रूपाचे वर्णन आणि दागिने गाळा, सीमाप्रश्नाचे तेवढे म्हणा. सभा गंभीर राहिली पाहिजे, हा माझा हेका. पोरांनी म्हटले. शेवटी टोळीतला एक म्हातारा डोक्याला हात लावून म्हणाला, ‘समदं खरं, पर मैना कुटं हाय?’ लोक हसले. बायका तर आधीच भाकरी थापायला उठून गेल्या होत्या.

पुढल्या हंगामात आम्ही छक्कड सबंध म्हटली. त्या रात्री चुली थोड्या उशिरा पेटल्या. गाणे संपल्यावर मी तोडणीच्या दराचे बोलू लागलो. ती मागणी रास्तच होती, आजही दर वाढवून मागावाच लागतो. तेवढ्यात मागून एक बाई उठली. सभेत बाईमाणूस बोलण्याची तेव्हा रीत नव्हती. मैनेबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारले, ‘पोरगी आजीपाशी ठेवलीय. साळंत जाती का न्हाई, कुनाला ठावं. त्याचं तुमच्या कागदात हाय का?’

माझ्या हातात मागण्यांचा कागद होता. त्यावर दर होता, मुकादमाचे कमिशन होते, विमा होता. दिव्याच्या उजेडात मी तो वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला, आणि तिला सांगितले की नाही, त्यात हे नाही. मग शेजारच्या पोराकडून पेन्सिल मागून घेतली.