साष्टीतील कुंपणे : वईपासून आवारभिंतीपर्यंत

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, तेथे कुंपण मुळात घराचे नव्हतेच. ते वाडीचे आणि मळ्याचे होते. मरोळ, आंबोली, एकसर यांसारख्या गावठाणांत, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीच्या जागेत, घरे ओटे वाटेकडे करून एकमेकांना खेटून उभी असत आणि भोवताली कुंपण घालण्याइतकी जागा त्यांच्यामध्ये उरत नसे. राखण लागे ती भाजीपाल्याला व कलमांना, आणि तीही चोरांपेक्षा गुरांपासून अधिक. त्यासाठी कोकणात जिला वई म्हणतात ती, अर्थात काठ्या व काटेरी शिऱ्या यांची आडोशाची रांग, घातली जाई. परंतु दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात वाळकी काठी फार काळ टिकत नसल्याने वईची डागडुजी दरसाल करावी लागे.

हा व्याप टाळण्याचा उपाय म्हणजे जिवंत कुंपण. शेराची किंवा मोगली एरंडाची फांदी तोडून पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचली की ती रुजते, तिच्या चिकामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि खर्च म्हणावा तर तो फांदी तोडण्याच्या श्रमांचाच. अमेरिका खंडातून आलेला फड्या निवडुंगही देशभर कुंपणाला वापरला गेला. मात्र तो बांधावर थांबला नाही, शेतातच पसरला, इतका की १९२०च्या दशकात दक्षिण भारतात त्याला आवर घालण्यासाठी त्याचा रस शोषणारे कोचिनील कीटक सोडावे लागले. कुंपणाने शेत खाल्ल्याचे याहून शब्दशः उदाहरण सापडणे कठीण.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्या दशकात पश्चिमेकडची लोहमार्गाची वाट खुली झाली आणि १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. भाताची खाचरे भूखंडांत मोडू लागली, जमीन चौरस वारांवर विकली जाऊ लागली, आणि कुंपणाच्या साधनाची निवड बदलली ती प्रामुख्याने या हिशेबामुळे. साठ फूट रुंद व पंचाहत्तर फूट लांब अशा पाचशे वारांच्या भूखंडाला तीन फूट जाडीची जिवंत कुंपणरांग चहूबाजूंनी लावली, तर ७७४ चौरस फूट, म्हणजे ८६ वार जमीन तिच्याखालीच जाते. मळ्याच्या धन्याला हे परवडत असे. बंगलीच्या मालकाला नाही. ज्या काटेरी तारेचे पेटंट अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये मिळाले होते, ती जवळजवळ काहीच जागा अडवीत नव्हती. तिचा दोष एकच, पण या किनाऱ्यावर मोठा: खाऱ्या, दमट हवेत जस्ताचा थर झिजला की तार गंजते आणि ताणलेल्या जागी तुटते. म्हणूनच तारेच्या आधाराने कडू मेंदी वाढवून ती छाटून बारीक राखण्याचा मध्यममार्ग सर्वांत समंजस म्हणावा लागतो, कारण तार जीर्ण झाली तरी आतील रोपे हद्द धरून ठेवतात.

गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आल्यावर आवारभिंतीने हाही मार्ग मागे टाकला. सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठल्याने भिंत बांधणे सोपे झाले, आणि माथ्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवलेली भिंत उपनगरांत सर्रास दिसू लागली. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आवारभिंत समोरील रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटरपर्यंत उंच असावी, २.४ मीटरपर्यंत ती न्यायची झाल्यास वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार, म्हणजे आरपार दिसेल असा ठेवावा लागतो.

बोरिवली आणि मुलुंड यांच्यामधील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबाबत मात्र कुंपणाचा रोख उलटा झाला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आणि सीमेवर भिंत बांधण्याचा आदेश दिला. ही भिंत घरांपासून जंगलाच्या रक्षणासाठी होती.