सतरा ध्वनींतला पाऊस

हायकू मराठीत रुजला, त्याला आता सुमारे अर्धशतक झाले. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी १९७० च्या दशकात हा जपानी काव्यप्रकार मराठीत आणला. तीन ओळी, त्यांपैकी दोन ओळींचे यमक आणि एखादा टिपलेला क्षण, अशी त्याची मराठी ठेवण ठरली. या हायकूंत पाऊस विपुल आहे. मात्र जपानी हायकूतील पावसामागे एक सामाईक पंचांग उभे असते, त्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. त्या पंचांगाचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

आधी मोजणीविषयी. पाच, सात, पाच अशी सतरा 'अक्षरे' हायकूत असतात, असे आपण म्हणतो. वास्तविक जपानी मोजणी उच्चारकालाची आहे. दीर्घ स्वराला तेथे दोन मोजतात, अंत्य अनुनासिकालाही स्वतंत्र एक. म्हणजे ती आपल्या मात्रांना जवळची ठरते. आपल्या ओवी-अभंगांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न करता अक्षरे मोजतात. लहान अभंगाच्या आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांत सोळा अक्षरे होतात. थोड्या अक्षरांत मावण्याची सवय मराठीला हायकूने लावली, असे म्हणता येणार नाही. मराठी हायकूने सतराचा आग्रह धरला नाही, हेही योग्यच झाले.

पंचांगाची गोष्ट निराळी. हायकूचे मूळ 'होक्कू', म्हणजे अनेकांनी एकत्र बसून रचावयाच्या साखळीकाव्याचे पहिले कडवे. बैठक ज्या ऋतूत भरली तो ऋतू या कडव्यात आलाच पाहिजे, असा दंडक होता. त्यातून 'किगो' अर्थात ऋतुशब्दाची प्रथा दृढ झाली. हे शब्द ऋतुवार लावलेले कोश निघाले. क्योकुतेई बाकिन याचा असा कोश १८०३ चा आहे. पुढे मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने होक्कूला साखळीतून सोडवून 'हायकू' या नावाने स्वतंत्र कवितेचा दर्जा दिला, तरी ऋतुशब्द बहुतेकांनी सोडला नाही.

या कोशांत पावसाला एक नाव नाही. वसंतातील झिमझिम 'हारुसामे', पाचव्या चांद्रमासाची संततधार 'सामिदारे', उन्हाळी संध्याकाळची सर 'यूदाची', हिवाळ्याच्या तोंडाशी येऊन जाणारी सर 'शिगुरे'. मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) १६८९ च्या उत्तरयात्रेत मोगामी नदीकाठी एका यजमानाकडे उतरला होता. तेथील बैठकीत त्याने सामिदारेने भरलेल्या नदीला 'शीतल' म्हटले. यजमानाच्या घराची ती वाखाणणीही होती. पुढे त्याच फुगलेल्या नदीतून नावेने जाण्याचा प्रसंग आला आणि प्रवासग्रंथात त्या शब्दाच्या जागी 'वेगवान' हा शब्द बसला. पावसाचे नाव तेच राहिले. बाशोचे निधन दहाव्या चांद्रमासात झाले, म्हणून त्याच्या पुण्यतिथीला 'शिगुरे-की' म्हणतात.

१ जानेवारी १८७३ रोजी जपानने चांद्र पंचांग सोडून ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले आणि या शब्दांखालची जमीन सरकली. 'सात्सुकी-बारे' म्हणजे पाचव्या महिन्याच्या संततधारेत मिळणारी उघडीप. पाचवा महिना आता मे झाला; पाऊस मात्र जूनमध्येच येत राहिला. परिणामी तोच शब्द मे महिन्यातील स्वच्छ हवेसाठी रूढ झाला. निसर्ग जागीच होता. शब्दाचा पत्ता बदलला.

असे पंचांग आपल्यापाशीही आहे. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो आणि मृगापासून हस्तापर्यंतच्या प्रत्येक पावसाला लोकांनी स्वभाव दिला आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस वा हत्ती असले की घरातील वडीलधारी मंडळी निश्चिंत होत. यांतील प्रत्येक शब्द ऋतुशब्दच आहे. त्यांचा कोश तेवढा कोणी कवींसाठी मांडला नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, देवासच्या आपल्या घरांना तर या प्रश्नाची धार अधिक जाणवावी. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. गुरुपौर्णिमा झाली की त्यांचा सावन लागतो. आपण दिव्यांची अवस होईपर्यंत आषाढातच असतो. नारळी पौर्णिमेनंतर त्यांचा भादो सुरू होतो, आपला श्रावण पोळ्यापर्यंत चालतो. एकच सर एका भिंतीपलीकडे सावनाची आणि अलीकडे आषाढाची असते. होळकर-शिंद्यांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून आपण आपला महिना जपला. परंतु 'श्रावण' हा शब्द कवितेत आला की तो कोणता, हे घरातील तरुणांना सांगावे लागते. मृगाचेही तसेच, कोकणात जो पाऊस मृगात येतो तो माळव्यात पुष्कळदा आर्द्रा जवळ आल्यावर पोचतो.

म्हणून येथे बसून पावसावर तीन ओळी लिहिणाऱ्याने नक्षत्राचे नाव जाणून वापरावे, आणि येथील पावसाशी ते पडताळून पाहावे. प्रत्येक घरातील वृद्धांकडून पावसाची नावे, वाहनांचे ठोकताळे आणि म्हणी या पावसाळ्यात उतरवून घेतल्या, तर आपल्या मंडळाला एक छोटा ऋतुशब्दकोश सहज सिद्ध करता येईल. ही नावे ज्यांच्या तोंडी अजून आहेत, त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे.